लाईट घेऊन झाल्यावर संडासातून रक्त येतंय? मूळव्याधीच्या दवाखान्यात जायच्या आधी हे वाचा

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असो, प्रोस्टेटचा असो, नाहीतर लघवीच्या पिशवीचा, ओटीपोटावर लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतलेली असेल आणि मग सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी कधी तर दोन-तीन वर्षांनी अचानक संडासला लाल रक्त दिसायला लागलं की आपल्याकडे घरोघरी दोनच गोष्टी होतात. एकतर कॅन्सर परत आला म्हणून रडारड, नाहीतर ‘काही नाही गं, उष्णता झालीय, मूळव्याध असेल’ म्हणून गावातल्या मूळव्याध-भगंदर-फिशरच्या बोर्डाखाली जाऊन बसणं. पहिल्यात निदान तपासणी तरी होते. दुसऱ्यात खरा घोळ होतो, कारण तिथे कुणी आधी काय झालं होतं ते विचारत नाही, पेशंटही लाजून सांगत नाही, आणि लाईट लागलेल्या जागेवर सरळ बँड, इंजेक्शन, लेझर किंवा क्षारसूत्र करून मोकळे होतात. ती जखम मग महिनोन्महिने भरत नाही.

हा सगळा लेख त्या एका गोष्टीसाठीच लिहितेय. बाकी उपचार भरपूर आहेत, बहुतेकांना आरामही पडतो, पण क्रम चुकला की सोपी गोष्ट अवघड होऊन बसते.

मी डॉक्टर नाही. सासूबाईंचं गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं सगळं आम्ही घरच्यांनी केलं, परळला टाटाच्या ओपीडीत आणि नंतर आमच्या इकडे पोटाच्या डॉक्टरांकडे बसून बसून बरंच विचारलं, बरंच वाचलं. खाली जिथे औषधाचं प्रमाण दिलंय ते तुम्हाला अंदाज यावा म्हणून, पेशंटला किती आणि कधी द्यायचं ते त्यांचे डॉक्टरच ठरवणार.

आत झालेलं काय असतं

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, बायकांमध्ये तो गर्भपिशवीच्या तोंडाच्या बरोबर मागे असतो आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या मागे. त्यामुळे समोरच्या गाठीला लाईट देताना मागच्याला थोडी लागतेच, कितीही जपलं तरी. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला साधारण ४५ ते ५० ग्रे (ग्रे म्हणजे लाईट मोजायचं माप) बाहेरून देतात, बहुतेक ठिकाणी २५ सिटिंग, आठवड्याला पाच, म्हणजे पाच आठवडे, आणि त्यानंतर आतली लाईट म्हणजे ब्रेकीथेरपी. आतल्या लाईटीचा सोर्स गुदाशयाच्या अगदी जवळ असतो म्हणून गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला सगळ्यात जास्त मार बसतो. ही पुढची भिंत लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

त्रास दोन प्रकारचा. एक, लाईट चालू असतानाच किंवा संपल्यावर तीन महिन्यांच्या आत होणारा. जुलाब, आव पडणं, सारखं लागल्यासारखं वाटणं आणि जाऊन बसलं तर काहीच न होणं, आग, कधी थोडं रक्त. हा बहुतेकांचा आपला आपण बसतो कारण वरचं अस्तर पुन्हा तयार होतं. दुसरा प्रकार उशिराचा, तीन महिन्यांनंतर कधीही पण बऱ्याच जणांना वर्षाच्या आसपास सुरू होतो. यात आतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात, भिंतीला रक्त कमी पडतं, ती कडक होते, आणि शरीर त्याची भरपाई म्हणून वर नवीन नवीन बारीक वाहिन्या काढतं. ह्या नवीन वाहिन्या ओल्या वर्तमानपत्रासारख्या, कडक शौच घासलं तरी फाटतात. म्हणून दुखत काही नाही आणि रक्त मात्र टपटप.

म्हणजे मूळव्याध नाही. मूळव्याध लाईट घेतलेल्या माणसाला होऊच शकत नाही असंही नाही बरं का, ती वेगळी असू शकते, पण ती आहे की नाही हे नुसतं बाहेरून बघून आणि बोट घालून ठरवायचं नाही.

कुणाला हात लावू द्यायचा नाही

कुठल्याही दवाखान्यात, अगदी दात काढायला गेलात तरी, रेडिएशनचं सांगितलं तर बिघडत नाही, पण गुदद्वाराच्या तक्रारीसाठी गेलात तर पहिलं वाक्य हेच असलं पाहिजे: ‘माझ्या ओटीपोटाला रेडिएशन झालंय, अमुक साली.’ नाव, वय, तक्रार सगळं त्यानंतर. आई किंवा सासूबाई स्वतः सांगणार नाहीत, लाजतात, विशेषतः डॉक्टर पुरुष असला तर नुसतं ‘खाली त्रास आहे’ एवढंच म्हणतात, म्हणून बरोबर जाणाऱ्याने सांगायचं.

रेडिएशन झालेल्या गुदाशयाला रक्तपुरवठाच कमी असतो म्हणून तिथे कापलं, टोचलं, बांधलं की ते भरायला ताकद नसते. आणि पुढच्या भिंतीतून तुकडा काढला, म्हणजे बायोप्सी घेतली, तर तिथे भोक पडून योनीमार्गाशी किंवा लघवीच्या मार्गाशी जोड तयार होऊ शकतो. त्याला फिस्टुला म्हणतात, शौच नाहीतर गॅस योनीतून यायला लागतो, आणि मग पोटावर पिशवी लावण्यापर्यंत गोष्ट जाते. जाणकार डॉक्टर दुर्बिणीतून बघूनच ओळखतात: फिकट पडलेलं अस्तर, त्यावर लाल बारीक जाळं, हात लागला की रक्त. खरंच संशयास्पद गाठ दिसली तरच बायोप्सी, तीही विचार करून. ‘आलोच आहोत तर एक तुकडा घेऊन टाकू’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, रेडिएशनची फाईल बघितली का? डॉक्टरांना असं विचारणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात, समजू देत.

फाईलवरून आठवलं. लाईट जिथे घेतली तिथून एक समरी मिळते, एकूण डोस किती, किती सिटिंग, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ब्रेकीथेरपी किती वेळा. ती नसेल तर मागून घ्या, आणि फोनमध्ये फोटो काढून दोन जणांकडे ठेवा. लातूर-नांदेड-यवतमाळकडची माणसं दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार करतात आणि परत गेली की कागद पेटीच्या तळाशी जातात, दोन वर्षांनी जिल्ह्याच्या डॉक्टरला काही म्हणजे काही कळत नाही. डोसचा आकडा बघून पोटाच्या डॉक्टरांना बराच अंदाज येतो.

आधी तपासणी, मग औषध

रक्त लाईटीमुळेच येतंय हे गृहीत धरायचं नाही, हेही तितकंच खरं. वरच्या आतड्यात वेगळी गाठ, पॉलिप, आमांश, टीबी, काहीही असू शकतं आणि आपल्या भागात आमांश काही दुर्मिळ नाही. म्हणून एकदा दुर्बिणीची तपासणी, शक्यतो पूर्ण कोलोनोस्कोपी, अनुभवी गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टकडून. त्याबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि जुलाबही असतील तर बी-१२, थायरॉइड, शुगर. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला लाईट लागली असेल तर बी-१२ शोषलं जात नाही, हातापायाला मुंग्या आणि थकवा सगळा ‘कॅन्सरमुळे’ म्हणून खपवला जातो आणि एका इंजेक्शनच्या कोर्सने सुधारणारी गोष्ट तशीच राहते.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का तेही सांगा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे. ती स्वतःहून बंद करू नका, हार्टवाल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र रक्त येत असताना नकोतच, त्यापेक्षा पॅरासिटामॉल बरी.

थोडंच रक्त असेल तर

म्हणजे चार-आठ दिवसातून कधी शौचाला लागलेलं, टिश्यूवर किंवा पाण्यात लालसर, हिमोग्लोबिन ठीक. अशा वेळी आत काही न करता थांबणं हाच बऱ्याचदा योग्य उपचार असतो, खूप जणांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप कमी होत जातं. हे पचत नाही आपल्याला, रक्त दिसतंय आणि डॉक्टर म्हणतोय बघू, म्हणजे डॉक्टरच बरोबर नाही, मग तिसरा डॉक्टर, मग चौथा, आणि त्यातला एखादा करतोच काहीतरी. थांबण्यात शहाणपण आहे, फक्त तपासणी झालेली पाहिजे आणि हिमोग्लोबिनवर लक्ष पाहिजे.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून नाही. शौच मऊ ठेवायचं, यावर निम्मं काम अवलंबून आहे. इसबगोल एक चमचा भरपूर पाण्यातून, कोरडं कधीच नाही, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. त्याची गंमत अशी की कडक असेल तर मऊ करतं आणि पातळ असेल तर थोडं बांधतं. गुदाशय आकसून अरुंद झालाय असं डॉक्टर म्हणाले असतील तर इसबगोल विचारल्याशिवाय नको, अडकतं. तिथे लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर देतात. एरंडेल तेल देऊन ‘पोट एकदा स्वच्छ करून घेऊ’ हा आजीचा उपाय इथे अजिबात नको.

कुंथायचं नाही. लागली की जायचं, नाही झाली तर उठायचं, मोबाईल घेऊन अर्धा तास बसायचं नाही. नंतर कागदाने घासण्यापेक्षा पाण्याने धुवून मऊ कापडाने टिपून घ्या. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसलं की आग आणि ठणका कमी होतो, रक्त थांबत नाही पण माणसाला बरं वाटतं आणि तेही महत्त्वाचं आहे.

हिमोग्लोबिन खाली असेल तर लोह. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं हे आधीच सांगून ठेवा नाहीतर घरात घबराट होते, आणि काहींना बद्धकोष्ठ होतं म्हणजे परत तेच. गोळी सोसत नसेल किंवा हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर शिरेतून लोह देतात, आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सीमाल्टोज. बीट-खजूर-गूळ खाऊ घाला हो, पण रोज रक्त जात असेल तर त्यावर भागत नाही.

आणि तंबाखू. आपल्याकडच्या बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून हा प्रश्न कुणी विचारतच नाही, पण मिश्री? सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या किती जणी ओपीडीच्या रांगेत असतात. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे आधीच रक्त कमी पडतंय. शुगर आणि बीपी ताब्यात ठेवायचं तेही याचसाठी.

सुक्रालफेटचा एनिमा

रक्त रोजचं व्हायला लागलं, हिमोग्लोबिन हळूहळू उतरतंय, तर पहिला खरा उपचार हा. सुक्रालफेट म्हणजे ॲसिडिटीच्या, जठराच्या अल्सरच्या पेशंटला प्यायला देतात तेच पांढरं दाट औषध, इथे ते खालून देतात, ते खरवडलेल्या जागेवर थर धरतं आणि भरायला वेळ देतं. हा उपचार आपल्या देशात नीट तपासला गेलाय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. राकेश कोच्छर आणि सहकाऱ्यांनी ३७ पेशंटवर तुलना केली, एका गटाला सुक्रालफेटचा एनिमा आणि दुसऱ्याला सल्फासॅलाझिनच्या गोळ्या अधिक स्टिरॉइडचा एनिमा, चार आठवडे, आणि १९९१ मध्ये ते छापून आलं. सुक्रालफेटवाल्यांना जास्त आराम पडला आणि औषधाचा त्रासही कमी झाला. स्वस्त आहे, तालुक्याला मिळतं, घरी देता येतं. माझं मत विचाराल तर मशीनकडे पळायच्या आधी हे मनापासून चार आठवडे करून बघावं, अर्थात डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

त्या अभ्यासातलं प्रमाण २ ग्रॅम, दिवसातून दोनदा होतं, साधारण २० मिली पातळ औषधातून. इथे एक लफडं असतं ते सांगते. बाटलीवर ताकद वेगवेगळी असते, कशात १० मिलीत १ ग्रॅम तर कशात ५ मिलीत १ ग्रॅम, त्यामुळे ‘२० मिली द्या’ एवढंच ऐकून येऊ नका, बाटली डॉक्टरांना दाखवा. आणि काही बाटल्यांमध्ये ऑक्झिटाकेन म्हणजे बधिर करायचं औषधही मिसळलेलं असतं, मेडिकलवाला साधी नाही म्हणून तीच पुढे करतो, ती चालेल का ते विचारून मगच घ्या. किडनीचा आजार असेल तर आधी सांगा, सुक्रालफेटमध्ये ॲल्युमिनियम असतं.

द्यायचं कसं ते पहिल्यांदा नर्सकडून समोर करून घ्या. घरी मग असं: आधी शौचाला जाऊन यायचं. बाटली जोरात हलवायची, तळाला बसलेलं असतं. थंड औषध आत गेलं की लगेच कळ येते म्हणून बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात उभी करायची. सुई नसलेली सिरिंज आणि मऊ रबरी नळी, पत्र्याचं-प्लास्टिकचं कडक टोक नको. पेशंटने डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा गुडघा पोटाकडे, खाली जुनी चादर. नळीच्या टोकाला जेली किंवा व्हॅसलिन, पेशंटला तोंडाने मोठा श्वास सोडायला सांगायचा आणि नर्सने दाखवली तेवढीच नळी हळू सरकवायची. अडलं तर ढकलायचं नाही, अजिबात नाही, बाहेर काढा, पुन्हा बघा, तरी जात नसेल तर त्या दिवशी राहू द्या आणि फोन करा. औषध सावकाश सोडायचं, एक-दोन मिनिटं लावून. मग तसंच पडून राहायचं, वीस मिनिटं अर्धा तास जेवढं सोसेल तेवढं, मधून पाठीवर, पालथं, उजव्या कुशीवर म्हणजे सगळीकडे लागेल. रात्रीचा डोस झोपताना दिला की जास्त टिकतो. सुरुवातीला दोन मिनिटांत बाहेर येतं, चिडू नका, चार दिवसांनी जमतं.

सासूबाईंना सून हे करणार म्हणून आधी मरणाचा संकोच होता, नंतर त्याच वेळेची आठवण करून द्यायला लागल्या. ज्यांना घरच्याकडून नकोच वाटतं त्यांनी गावातल्या सिस्टरला सांगावं, फी ठरवून घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही.

याच्या जोडीला काही डॉक्टर मेट्रोनिडॅझोल ही अँटिबायोटिक गोळी काही आठवडे देतात, त्यानेही रक्त आणि जुलाब कमी झाल्याचे अभ्यास आहेत. चव धातूसारखी लागते, आणि त्यावर दारू चालत नाही, हे प्रोस्टेटवाल्या काकांना स्पष्ट सांगा. मेसालाझिन आणि नुसत्या स्टिरॉइड एनिमाचा उशिराच्या प्रकारात फारसा भरवसा नाही. खालून खोबरेल तेल, कोरफडीचा गर, असलं काही व्हिडिओ बघून सोडू नका. सब्जा, गुलकंद, धन्याचं पाणी उष्णतेसाठी म्हणून घेतात ते घेऊ द्या, बिघडत नाही, फक्त त्यावर विसंबून हिमोग्लोबिनची तपासणी टाळू नका.

त्याने थांबलं नाही तर

एपीसी म्हणजे आर्गॉन प्लाझ्मा. दुर्बिणीतून आर्गॉन वायू सोडून त्यातून करंट देतात, टोक भिंतीला टेकवत नाहीत, वरवरच्या त्या नवीन वाहिन्या जागच्या जागी भाजून बंद होतात, खोलवर जात नाही. सध्या रक्त थांबवायला सगळ्यात जास्त हेच केलं जातं आणि चांगलं काम करतं. एका वेळेत सगळं होत नाही, मध्ये काही आठवडे सोडून दोन-तीन वेळा लागू शकतं, आणि हे खर्चाच्या आधीच विचारून ठेवा.

याच्या आधी आतडं पूर्ण साफ पाहिजे, पावडरचं पाणी पिऊन, कोलोनोस्कोपीला करतात तसं. ‘खालचाच भाग आहे, नुसता एनिमा पुरे’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आतड्यात मिथेन-हायड्रोजनसारखे जळणारे वायू असतात, घाण राहिली आणि त्यात ठिणगी पडली तर आत स्फोट होऊ शकतो, झालेले आहेत असे प्रकार, आणि त्यातले बरेचसे नुसत्या एनिमावर भागवलेल्या पेशंटमध्ये. म्हातारं माणूस ते पाणी पिताना कंटाळतं, लिंबू पिळून, थंड करून, घोट घोट पाजा. नंतर काही आठवडे आत छोटा अल्सर राहतो, तो बहुतेक वेळा आपला आपण भरतो, त्याला कुणी परत टोचायला जाऊ नये.

फॉर्मलिन हा गरीबाघरचा उपाय म्हणा, साधारण ४ टक्क्यांचं द्रावण गॉजवर घेऊन नळीतून बघत बघत फक्त रक्त येणाऱ्या जागेला लावतात. मशीन लागत नाही, एपीसी नसलेल्या सरकारी हॉस्पिटलातही जमतं, रक्त थांबतं. पण गुदद्वाराच्या कातडीला लागलं तर भयंकर आग होते, नंतर जागा आकसणं, शौच न थांबणं असंही काहींना होतं, म्हणून हे ज्याने आधी केलंय त्याच्याचकडून. लांब का असेना, थोडा प्रवास करा.

हायपरबॅरिक ऑक्सिजनचं नाव मोठ्या शहरांत ऐकाल. बंद चेंबरमध्ये वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, रोज दीड तासाच्या आसपास, असे ३० ते ४० वेळा. कल्पना पटण्यासारखी आहे, रक्त कमी पडलेल्या भागात ऑक्सिजन पोचला की चांगल्या नवीन वाहिन्या तयार होतात. पण २००८ च्या एका चाचणीत फायदा दिसला आणि २०१६ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या दुसऱ्या चाचणीत नाही दिसला. त्यामुळे शेत विकून किंवा कर्ज काढून हे करायच्या आधी शंभरदा विचार करा. बाकी सगळं करून झालं, जखम भरतच नाही, आणि पैशाची सोय आहे, तर मग बोला डॉक्टरांशी. कान दुखतात, फुप्फुसाचे काही आजार असतील तर चालत नाही.

ऑपरेशन शेवटचं. फिस्टुला, आतडं बंद पडणं, कशानेही न थांबणारं रक्त, एवढ्यासाठीच. त्यातही बऱ्याचदा खराब भागाला हात न लावता वरून शौचाचा मार्ग पोटावर काढतात, पिशवी लावतात. पिशवीचं नाव काढलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं, पण दिवसातून पंधरा वेळा धावणाऱ्या बाईला विचारा, पिशवी लागल्यावर ती लग्नकार्याला जाऊ शकते.

रक्तापेक्षा घाईच जास्त छळते

खरं सांगायचं तर पुष्कळ जणांना रक्ताची भीती वाटते पण रोजचं जगणं बिघडवते ती घाई. लागली की लागली, दोन मिनिटं सुद्धा नाही. एसटीने जाणं बंद, देवळात बसणं बंद, साडीला डाग पडेल म्हणून पाहुण्यात जाणं बंद. हे डॉक्टरांना सांगितलंच जात नाही, आणि डॉक्टरही रक्त थांबलं का एवढंच विचारून पुढचा नंबर बोलावतात. तर सांगा.

जुलाबाची कारणं शोधता येतात. लाईटीनंतर काहींना दूध पचेनासं होतं, चहाचं दूधसुद्धा. दोन आठवडे दूध बंद करून बघा, ताक-दही बऱ्याच जणांना चालतं. काहींचं पित्त आतड्यात नीट परत शोषलं जात नाही, त्याला कोलेस्टिरामिन नावाची पावडर असते. काहींच्या लहान आतड्यात जंतू वाढतात, त्याला अँटिबायोटिकचा कोर्स. हे सगळं बरं होण्यासारखं आहे पण कुणीतरी शोधलं पाहिजे. लोपेरामाईड ही जुलाब थांबवायची गोळी प्रवासाच्या आधी वगैरे डॉक्टरांना विचारून घेता येते, ताप असेल किंवा एकदम खूप रक्ताचे जुलाब असतील तेव्हा मात्र नको.

जेवणात, त्रास वाढलेल्या दिवसांत मऊ भात, मुगाचं वरण, पेज, शिजवलेला दुधी-दोडका, केळं, साबुदाण्याची पेज. ठेचा, तळण, कच्ची कोशिंबीर, उसळी थोड्या दिवसांसाठी बाजूला. त्रास कमी झाला की भाकरी-भाजीवर परत या, आयुष्यभर पेजेवर ठेवून माणूस अशक्त करू नका, हे प्रेमाच्या नावाखाली फार होतं. गुदद्वाराचे स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे हा व्यायाम दिवसातून काही वेळा, फिजिओथेरपिस्टने एकदा शिकवला की बसल्या बसल्या होतो. पर्समध्ये पॅड, जादा परकर, ओले टिश्यू. आणि घरात संडासचा रस्ता रात्रीचा मोकळा आणि दिवा लागलेला ठेवा, घाईत पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच उलटं होईल.

हे झालं तर थांबू नका

रक्ताच्या गुठळ्या, किंवा एकामागून एक नुसतंच रक्त. उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी, छातीत धडधड, घाम. लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं शौच. योनीतून शौच किंवा गॅस, लघवीतून हवेचे बुडबुडे. पोट फुगून दुखतंय, उलट्या होतायत आणि गॅससुद्धा सरत नाही. तापाबरोबर खाली जोराचं दुखणं. यातलं काहीही असेल तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, मोठं हॉस्पिटल गाठायचं, रेडिएशनची फाईल हातात घेऊनच.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत लाईटीचा उपचार बसतो, पण नंतरच्या त्रासासाठी एपीसी, रक्त चढवणं, ऑपरेशन यातलं काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

ज्यांची लाईट अजून सुरू व्हायचीय

तुम्ही हे आत्ता वाचताय ते उत्तमच, कारण बराचसा त्रास आधीच टाळता येतो. टाटा मेमोरियलनेच गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ३०० बायकांवर एक चाचणी केली, २०२१ मध्ये छापली. अर्ध्या जणींना रोज इमेज बघून देणारी आयएमआरटी (जागेच्या आकाराप्रमाणे लाईट कमी-जास्त करून देण्याची पद्धत) आणि अर्ध्या जणींना आधीची थ्री-डी पद्धत. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास आयएमआरटीवाल्यांत २१ टक्के आणि दुसऱ्या गटात ४२ टक्के. म्हणजे निम्मा. तेव्हा डॉक्टरांना विचारा, मला कुठल्या पद्धतीने देणार आणि आयएमआरटी जमेल का. प्रत्येकाला लागतेच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. प्रोस्टेटसाठी काही मोठ्या हॉस्पिटलांत प्रोस्टेट आणि गुदाशयाच्या मध्ये जेल भरून दोन्ही लांब करतात, महाग आहे.

रोज टेबलावर जायच्या आधी लघवी करून मग सांगितलेलं पाणी पिऊन सांगितलेला वेळ थांबा हे टेक्निशियन ओरडून ओरडून सांगतो ते उगाच नाही, भरलेली लघवीची पिशवी आतड्याला वर ढकलते आणि लाईटीच्या वाटेतून बाजूला काढते. पोट साफ नसेल, गॅस धरला असेल तर तेही त्याला आधी सांगा, गुदाशय फुगलेला असला की सगळ्याची जागा बदलते. उशीर झाला म्हणून पाणी न पिता ‘प्यायले प्यायले’ म्हणून सांगणाऱ्या बायका त्या बाकावर रोज असतात, त्यांच्या शेजारी बसलात तर त्यांनाही सांगा.